तुळशीदादांचा सोमवारचा हीटर

भर मे महिन्यात काचा बंद करून, गाडीत हीटर लावून बसलेला माणूस मी पाहिला आहे. एकदा नाही, दर सोमवारी, आणि सलग चार वर्षं. बदलापूरच्या कुळगावातल्या आमच्या प्रसूतिगृहाच्या आवारात बदामाच्या झाडाखाली ती गाडी उभी असायची. आत तुळशीदादा घामाने निथळत बसलेले, डावा हात डॅशबोर्डखालच्या जाळीपुढे धरलेला. पेशंटचे नातेवाईक बघायचे आणि मला हळूच विचारायचे, "सिस्टर, ड्रायव्हरचं डोकं ठीक आहे ना?" मी तोंडाची फटकळ. म्हणायची, "तुमच्यापेक्षा ठीक आहे. रिपोर्ट आणलेत का ते सांगा." खरं कारण मात्र मी कुणाला सांगितलं नाही. ते माझ्या चपलांपासून सुरू होतं, म्हणून सांगितलं नाही.

तुळशीराम आहिरे हे त्यांचं नाव. राहायला अंबरनाथला. तरुणपणी उल्हासनगरच्या एका सिंधी शेठच्या गॅरेजात वीस वर्षं काढली, मग कंबर धरली म्हणून गॅरेज सोडलं आणि आमच्याकडे ड्रायव्हर झाले. सकाळी साडेसातला फाटकातून आत येणार, इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन खिशांत दोन फडकी. डाव्या खिशातलं गाडीचं, उजव्या खिशातलं स्वतःचं. त्यांची अदलाबदल झालेली मी कधी पाहिली नाही. "जय भीम, सिस्टर" म्हणायचे आणि पहिलं काम म्हणजे गाडीभोवती एक फेरी. चारही टायरना हात लावायचा, तोही तळवा नाही, हाताची मागची बाजू.

ही मागची बाजू म्हणजे त्यांचं मीटर. चाकाचा मधला भाग तापलाय का, बॅटरी गरम आहे का, चहा पिण्याजोगा झालाय का, सगळं त्याच बाजूला विचारायचं. "तळव्याला घट्टे पडलेत, त्याला काय कळत नाय," म्हणायचे. "मागची कातडी अजून नवीन आहे." गाडीतल्या काट्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. काटा बिघडतो आणि बिघडला तरी तसाच छान दिसतो, ही त्यांची तक्रार.

दुसरी सवय घाईतली. जेवढी घाई, तेवढे हे सावकाश. एकदा इथल्या एका बड्या पुढाऱ्याची सून अडली होती आणि कल्याणला न्यायची होती. पुढाऱ्याचा पुतण्या दादांच्या अंगावर धावून आला. "ए, चल ना लवकर. टायरला काय कुरवाळतोस?" म्हणत त्याने कॉलर धरली. दादांनी कॉलर सोडवली नाही. कॉलर त्याच्या मुठीत, आणि हे तसेच वाकून चौथ्या टायरला हात लावतायत. "झालं," म्हणाले, "आता सोडा, म्हणजे बसता येईल." सून वेळेत पोचली. पुतण्या नंतर पेढे घेऊन आला, तेव्हा दादा गाडीखाली होते. तिथूनच एक हात बाहेर आला, त्याने पेढा घेतला आणि परत आत गेला.

माझं आणि त्यांचं जमायचं कारण वेगळं होतं. कमी दिवसांचं बाळ आलं की मी आधी त्याच्या पोटाला हात लावते, मग पायांना. पोट गरम आणि पायही गरम, तर ठीक. पोट गरम पण पाय गार, तर बाळ थंडीशी झगडतंय. दोन्ही गार झालं, तर फार उशीर झाला. आम्हाला शिकवलेली साधी गोष्ट आहे, थर्मामीटर हाताशी नसला तरी चालते. एकदा दादा दारात उभे राहून बघत होते. मला वाटलं आता काहीतरी चेष्टा करणार. त्यांनी उजव्या खिशातल्या फडक्याने हात पुसले आणि म्हणाले, "आमच्यात पण असंच असतं, सिस्टर. गाडी नीट चालतेय की नाय, ते एक नळी गरम आणि एक गार, यावरून कळतं." त्या दिवसापासून बाळ घेऊन निघालो की ते रस्त्यावरची नजर न काढता विचारायचे, "पाय?" आणि मी एका शब्दात उत्तर द्यायची. गार, कोमट किंवा गरम.

आता चपला. आमची गाडी सेकंडहँड होती, लांब बॉनेटची डिझेलवरची. उत्तरेकडच्या डोंगरातून फिरत फिरत उल्हासनगरच्या बाजारात आली होती. विकणारा दलाल डॉक्टर मॅडमना म्हणाला होता, "साईं, इसमें हीटर भी है," आणि आम्ही सगळे हसलो होतो. बदलापुरात हीटर म्हणजे आठ महिने घाम आणि चार महिने पाऊस असलेल्या गावात शेकोटीची सोय. ते हीटर काय असतं तेही दादांनीच मला समजावलं. इंजिनातलं गरम पाणी दोन नळ्यांनी डॅशबोर्डखालच्या एका छोट्या पेटीत फिरतं, आणि पंखा त्या पेटीवरून हवा सोडतो, एवढंच.

ती पेटी गळायला लागली. मी पुढच्या सीटवर बसायची आणि पायाखाली पाणी टिपकायचं. गंजकं, कोमट पाणी. दोन महिन्यांत माझे चपलांचे दोन जोड कुजले. मी एक दिवस दादांना चांगलं झापलं. "तो हीटर काढून फेका नाहीतर माझ्यासाठी गमबूट आणा. इथे कुणाला लागतोय तो?" दादा म्हणाले, "नवीन पेटी मागवू, सिस्टर. मॅडमना सांगतो." मी म्हटलं, "मॅडमना कशाला सांगता? तुमच्या गॅरेजात काय करायचे?" तिथे काय करायचे ते मलाही ठाऊक होतं, आमच्या भागात सगळेच करतात. दोन्ही नळ्या पेटीवरून काढायच्या आणि वाकवलेल्या एका पाईपच्या तुकड्याने एकमेकींना जोडून द्यायच्या. पाणी पेटीत जातच नाही, गळती बंद. दादांनी अर्ध्या तासात काम केलं. वर इंजिन तापू नये म्हणून पाणी तापेपर्यंत अडवून धरणारी आतली झडप, म्हणजे वॉल, तीही काढून टाकली, कारण तेही आमच्याकडे सगळेच करतात. माझे पाय कोरडे झाले आणि मी ती गोष्ट विसरले.

दीड-दोन वर्षं गेली. लोडशेडिंगचे ते दिवस होते. जानेवारीतली सकाळ, आणि बदलापूरची जानेवारीतली सकाळ बोचरी असते, हे मुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही. वांगणीहून सुनील नावाचा एक पोरगेलासा माणूस बायकोला रिक्षात घालून पहाटेच घेऊन आला. सातवा महिना होता. मॅडमनी सीझर केलं. मुलगी झाली, सव्वा किलोची. रडली, पण मांजराच्या पिल्लाएवढं.

सहाला वीज गेली. आमच्याकडे बाळ ऊबेत ठेवायला बल्बची पेटी होती, ती विझली. इन्व्हर्टरवर ऑपरेशनचे दिवे तेवढे चालायचे. मॅडमनी कल्याणच्या बाळांच्या हॉस्पिटलला फोन लावला. जागा होती, पण त्यांची काचेच्या पेटीची गाडी दोन तासांनी येणार होती. मॅडमनी बाळाच्या पायाला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. "दोन तास नाही थांबता येणार. तुम्ही घेऊन निघा. बाळाला बापाच्या उघड्या छातीवर बांधा, वरून शाल. आणि गाडीत हीटर आहे ना, तो लावायला सांगा." हीटर हा शब्द कानावर पडला आणि माझी नजर माझ्या कोरड्या चपलांकडे गेली.

दादांना घरी फोन करून लवकर बोलावलं होतं, ते तेव्हा नुकतेच येऊन पोचले होते. त्यांनी इंजिन सुरू केलं, दांडी लाल खुणेकडे सरकवली, पंखा लावला. जाळीतून हवा आली. ती बाहेरच्याहूनही गार होती. त्यांनी हाताची मागची बाजू धरली, काढली, परत धरली. मी खिडकीपाशी उभी. मला वाटलं ते मला काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "आयामावशीला सांगा, गॅसवर पाणी ठेवा. मोठं पातेलं. आणि सलाईनचं खोकं द्या एक."

बॉनेट उघडलं. तो वाकवलेला पाईप तिथे होता, दोन्ही टोकांना क्लिपा, वर धूळ. त्यांचंच काम, त्यांच्या हाताची सफाई त्यात दिसत होती. दादा त्याच्याकडे जेमतेम दोन श्वास बघत राहिले असतील. मग पक्कड घेतली. मी म्हटलं, "दादा, पेटी गळते ना?" म्हणाले, "गळू दे. गळायच्या आधी गरम तर करंल." नळ्या परत पेटीला जोडल्या. खोक्याचा पुठ्ठा फाडून रेडिएटरच्या तोंडावर लावला, कारण झडप काढलेली, आणि वारा लागला की अशा थंडीत इंजिन तापतच नाही. माझ्या हातात घड्याळ होतं. सहा मिनिटं गेली, मग आठ. आत मावशी बाळाला छातीशी धरून बसली होती. सुनील पायरीवर उघडा बसलेला, थंडीने त्याचीच छाती गार पडलेली, तो ती दोन्ही हातांनी चोळत होता.

हवा अजून गारच. दादांनी दोन्ही नळ्यांना हाताची मागची बाजू लावली. "जाणारी गरम आहे, येणारी गार. आत हवा कोंडलीय." एका हाताने इंजिनाचा वेग वाढवला, दुसऱ्याने वरच्या नळीची क्लिप सैल केली. आधी नुसता फुसफुसाट, मग एकदम उकळतं पाणी उडालं ते थेट त्यांच्या उजव्या हातावर. त्यांनी हात मागे घेतला नाही. क्लिप आवळली, मग डाव्या खिशातलं फडकं भाजलेल्या हाताला गुंडाळलं. तेलाचं फडकं होतं ते. मी ओरडले, "दादा, ते नको, घाण आहे." म्हणाले, "घाई आहे ना? मग राहू द्या." आणि डावा हात जाळीपुढे धरला. "कोमट," म्हणाले. "बसा."

पुढच्या सीटवर आम्ही तिघं. मध्ये सुनील, छातीवर पोर, वरून शर्ट, स्वेटर, शाल. मी दाराशी, माझा हात शालीत, मुठीत ते दोन पाय. दोन्ही मिळून माझ्या अंगठ्याएवढे. माझ्या पायापाशी गरम पाण्याचा पाच लिटरचा कॅन. रबरी पिशवीही घेतली होती, पण ती वीस मिनिटांत निवते, आणि भाजायची भीती असते म्हणून बाळाला थेट लावता येत नाही.

"पाय?"

"गार. पोट गरम आहे."

अंबरनाथ येईपर्यंत हवा चांगली तापली. आणि माझ्या पायावर पाणी टिपकायला लागलं. तेच गंजकं पाणी, आता कढत. मी पाय हलवला नाही. हलवण्याची माझी लायकीच नव्हती. फॉरेस्ट नाक्याच्या पुढे जाळीतली हवा हळूहळू निवायला लागली आणि इंजिनाच्या तापाचा काटा वर चढायला लागला. दादांनी गाडी बाजूला घेतली. मी म्हटलं, "काटा गरम दाखवतोय आणि हवा गार?" म्हणाले, "पाणी कमी झालं. पेटी उंचावर आहे, तिथलं आधी जातं." डाव्या हाताने कॅन ओतला, थोडा थोडा, इंजिन चालू ठेवून, कारण थंडगार पाणी एकदम घातलं तर इंजिनच तडकेल, म्हणून तर गॅसवर पातेलं ठेवायला लावलं होतं. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. दादांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हवा परत तापली. तीन मिनिटं गेली होती.

"पाय?"

"गारच आहेत, दादा. पोट पण जरा..." मी दुसरा हातही शालीत घातला.

सुनीलने माझ्याकडे बघितलं. "सिस्टर, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. बोल तिच्याशी. तिला तुझा आवाज ऐकू दे." बाळाला काय ऐकू जाणार होतं कोण जाणे, पण बापाला काहीतरी काम हवं असतं. तो बोलायला लागला. वांगणीच्या घराबद्दल, दारातल्या शेवग्याबद्दल, आजीने शिवलेल्या गोधडीबद्दल. दादा गाडी एवढ्या हळू चालवत होते की मला त्यांच्या मानेवर फटका द्यावासा वाटत होता. प्रत्येक खड्डा ते बाजूने काढत होते.

उल्हासनगरात सतरा सेक्शनला हवा पुन्हा गार. कॅन रिकामा. रस्त्याकडेला एक सिंधी गृहस्थ दालपकवानची नाश्त्याची हातगाडी लावत होता, शेगडीवर डाळीचं पातेलं आणि बाजूला उकळत्या पाण्याचं. दादा उतरले, म्हणाले, "भाई, गरम पानी चाहिये, छोटा बच्चा है अंदर." त्या माणसाने काचेतून आत बघितलं, एक शब्द न विचारता पातेलं कापडाने धरून स्वतः बॉनेटपाशी आणलं. "पूरा डाल दे, साईं. बर्तन भी ले जा, रास्ते में लगेगा." त्याच्या गिऱ्हाइकांची डाळ त्या दिवशी घट्टच राहिली असणार.

"पाय?"

मी बोटं फिरवली. खात्री होईना. परत फिरवली. "कोमट," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. दादांनी पुढे बघतच मान हलवली. त्यांच्या हाताचं फडकं स्टिअरिंगला चिकटलं होतं.

कल्याणच्या सिस्टरने दारातच बाळ घेतलं, ताप बघितला आणि म्हणाली, "थोडी थंड आहे, पण चालेल." मुलगी तिथे दीड महिना राहिली आणि घरी गेली. दादांनी ते पातेलं राखेने घासून, चकचकीत करून दुसऱ्या दिवशी सतरा सेक्शनला नेऊन दिलं, भाजलेल्या हाताने.

आता जे मला इतकी वर्षं टोचतंय ते सांगते. दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "हीटरच्या नळ्या कुणी काढल्या होत्या? मला न विचारता?" दादा म्हणाले, "मी, मॅडम. गळत होता म्हणून." मॅडम पंधरा मिनिटं बोलत होत्या. माझ्या गाडीत तुमच्या गॅरेजचे धंदे चालणार नाहीत, बाळ गेलं असतं तर, वगैरे. सगळं बरोबरच होतं, फक्त ऐकणारा माणूस चुकीचा होता. मी बाजूला हातात ट्रे घेऊन उभी होते. त्याच महिन्यात मला हेड सिस्टर करायचं चाललं होतं. मी ट्रेमधल्या कात्र्या मोजत राहिले. दादांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी बोलले असते, अशी मी स्वतःची समजूत घालते, पण ती काही खरी नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "दादा, मी..." ते म्हणाले, "सिस्टर, हाताला पट्टी बदलून द्या."

नवीन पेटी बसली, नवीन वॉल बसला. आणि मग तो सोमवार सुरू झाला. दर सोमवारी इंजिन तापवायचं, काचा बंद करायच्या, दहा मिनिटं हीटर. जानेवारी असो की मे. उजव्या हाताची मागची कातडी आता गुळगुळीत आणि गुलाबी झाली होती, तिला गरम-गार नीट कळत नव्हतं, म्हणून डावा हात. मी एकदा म्हटलं, "अहो, उन्हाळ्यात कशाला? थंडी आली की बघा." ते म्हणाले, "लागंल तेव्हा बघितलं, तर बिघडलाय हे पण तेव्हाच कळतं, सिस्टर." त्या चार वर्षांत हीटरची खरी गरज आणखी दोनदाच पडली, आणि दोन्ही वेळा हवा गरम होती.

मग मॅडमनी नवीन गाडी घेतली, एसीची. दादांचीही साठी झाली होती. जुनी गाडी न्यायला उल्हासनगरचा भंगारवाला यायचा होता, तो दिवस सोमवार नव्हता, गुरुवार होता, मे महिना. मी वॉर्डातून बघितलं तर दादा झाडाखाली गाडीत बसलेले, काचा बंद, इंजिन चालू. शर्ट पाठीला चिकटलेला. मी खाली गेले, दार उघडून माझ्या जागेवर जाऊन बसले. आत भट्टी झाली होती.

मी म्हटलं, "दादा, त्या नळ्या काढायला मी सांगितलं होतं. मॅडमपुढे मी गप्प राहिले. माफ करा मला."

ते जाळीकडेच बघत होते. "सांगितलं तुमी," म्हणाले, "पण पक्कड माझ्या हातात होती ना. मला कळत होतं." मग म्हणाले, "तुमी त्या दिवशी पायावर कढत पाणी घेत बसलात. मला दिसत होतं."

फाटकापाशी भंगारवाल्याचा टेम्पो आला, त्याने हॉर्न दिला. दादांनी डावा हात जाळीपुढून काढला आणि उजव्या खिशातल्या फडक्याने तोंड पुसलं.

"पाय?" त्यांनी विचारलं.

मी चपला काढल्या आणि दोन्ही पाय जाळीपुढे धरले. पायाखालचा पत्रा कोरडा होता.

"गरम," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.